तांदळाच्या डब्यातलं पुस्तक

मी आठवीत होते, पावसाळ्याचे दिवस, आणि आमच्या वेंगुर्ल्याकडे पावसात एकदा लाईट गेली की गेलीच. मग घरात दोन गोष्टी ठरलेल्या, आधी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि मग आजीचा देवचार. शेवटचं आमेन होतं न होतं तोच आजी कंदिलाची वात बारीक करायची आणि सुरू व्हायची, घोंगडी पांघरून काठी आपटत रात्रभर गावाच्या वेशीवरून फिरणारा, चालून चालून ज्याच्या वहाणा झिजतात तो देवचार. मी गोधडीत शिरून विचारायचे, आजी तो आपल्या घरात येईल का गं? "आपणाक काय करूचो नाय गो तो, गावाची राखण करता. निज आता." असं म्हणून कपाळावर क्रुसाची खूण करायची आणि पाच मिनिटांत घोरायला लागायची. हे सगळं चर्चच्या शिकवणीत बसतं की नाही हे तिने फादरांना कधी विचारलं नाही, आणि फादर पण शहाणे, त्यांनीही तो विषय कधी काढला नाही.

त्याच वर्षी बाहेरगावाहून एक प्रवचनकार रिट्रीट, म्हणजे चर्चमधली काही दिवसांची प्रार्थना-प्रवचनं, घ्यायला आले होते. दोन दिवस छान बोलले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या दिवशी पालकांकडे वळले आणि म्हणाले जादूच्या पुस्तकांतून सैतान घरात शिरतो, मुलांकडे हॅरी पॉटर असेल तर आजच्या आज जाळून टाका. माझ्याकडे होतं. मुंबईच्या मामाने दिलेला दुसरा भाग, कव्हरचा कोपरा कुत्र्याने खाल्लेला. आई ओरडली वगैरे नाही, नुसता हात पुढे करून उभी राहिली, मी दिलं आणि मागीलदारी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले, कारण चुलीत गेलं असंच मला वाटलं.

दोनेक महिन्यांनी आजीने मला आत बोलावलं, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पेपरात गुंडाळलेलं ते पुस्तक वर काढलं, पोरकिडे लागू नयेत म्हणून आम्ही कडुनिंबाचा पाला घालतो ना, त्याची सुकी पानं अगदी पानापानांत शिरलेली. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, काय आसा ह्यात ता सांग. मग आठवडाभर रोझरीनंतर देवचाराला सुट्टी आणि मीच गोष्ट सांगायची, जमेल तशी मालवणीत, मावशीच्या घरी वाढणारा पोरका पोर, भला मोठा साप, आणि आईने मध्ये पडून स्वतःचा जीव दिला म्हणून हा वाचला ते. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आवशीन जीव दिल्यान म्हणान झील वाचलो. मगे ह्यात वायट काय ता?"

माझ्या मते यापेक्षा चांगलं परीक्षण त्या पुस्तकाचं कोणी केलेलं नाही.

पुढे २००७ साली शेवटचा भाग आला तेव्हा मी कॉलेजला. त्यात तो मुलगा नाताळच्या आदल्या रात्री आईवडिलांची कबर शोधत गावातल्या चर्चच्या मागे जातो, आत कॅरल चाललेली असतात, आणि कबरीवर काय कोरलेलं असतं तर बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलेलं वाक्य, की शेवटचा शत्रू जो नाहीसा होईल तो मृत्यू. तिथल्याच दुसऱ्या एका कबरीवर मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, जिथे तुझं धन तिथे तुझं मन. मी हॉस्टेलच्या खाटेवर ताडकन उठून बसले, कारण हे पुस्तक जाळायला सांगितलेलं आणि हेच वाक्य मी आजोबांच्या मयताला चर्चमध्ये ऐकलेलं!

मग गोष्टींत असा लपलेला धर्म शोधायचं वेडच लागलं. टोल्किन घ्या, पक्का कॅथलिक माणूस, पण त्याच्या अंगठीच्या त्या लांबलचक गोष्टीत, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, एकही चर्च सापडत नाही. तरी १९५३ मध्ये एका ओळखीच्या मित्राला तो लिहितो की हे काम मुळात धार्मिक आणि कॅथलिकच आहे. आणि अंगठी नष्ट होते ती तारीख २५ मार्च, म्हणजे देवदूत मरियेकडे आला तो सण, नाताळच्या बरोब्बर नऊ महिने आधी. गोष्टीत कुठे सांगत बसला नाही, नुसती तारीख टाकली आणि पुढे गेला, मला हा प्रकार फार आवडतो. त्याचा मित्र लुईस, पुढे नार्नियाच्या गोष्टी लिहिणारा, तो तर म्हणायचा पुराणकथा म्हणजे सुंदर खोट्या गोष्टी. १९३१ च्या सप्टेंबरात एका रात्री ऑक्सफर्डच्या कॉलेजात फिरता फिरता टोल्किनने आणि आणखी एका मित्राने त्याच्याशी वाद घातला, मुद्दा असा की मरून परत येणाऱ्या देवांच्या जुन्या गोष्टी वाचून तुझ्या पोटात हलतं ना, मग येशूची गोष्ट पण तशीच वाच, फरक एवढाच की ही खरोखर घडली. पुढे काही दिवसांनी भावाच्या मोटारसायकलच्या साइडकारमध्ये बसून लुईस प्राणिसंग्रहालय बघायला निघाला, आणि तिथे पोचेपर्यंत येशूवर विश्वास बसलेला. नार्नियाचा सिंह त्याच्या गोष्टीत नंतर आला, पण झू आधीच होतं बघा!

आणि हे काही साहेबांच्या देशातलंच खूळ नाही हं. आमच्याच किनाऱ्यावर, खाली गोव्यातल्या साष्टीत, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, जवळपास ११ हजार ओव्या, १६१६ ला छापून झालं. त्याच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं पुराण तरी द्या. किती रास्त मागणी! नुसते नियम शिकून माणसाचं भागत नाही, संध्याकाळी बसून ऐकायला काहीतरी लागतंच. बायबलात दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली म्हणून नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने तरी कुठे आज्ञा वाचून दाखवल्या, श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, राजा तापला, म्हणाला असं करणारा मेला पाहिजे, आणि मग नाथान म्हणाला तो माणूस तूच. गोष्ट नसती तर राजा असा सापडला असता का?

आता सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही. काही वेबसिरीज बघितल्यावर अंघोळ करावीशी वाटते, जादू नसते त्यांच्यात, पण क्रूरपणाची गोडी लावतात आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटतं. आणि उलट बाजूने, आपली ख्रिस्ती गोष्ट म्हणून आपोआप चांगली होत नाही. बाबा पदमनजींची १८५७ ची यमुनापर्यटन, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात, तिच्यातले विधवांचे हाल आजही टोचतात, पण शेवट लेखकाने आधीच ठरवून ठेवल्यासारखा येतो आणि माझं मन तिथे उठून चहा ठेवायला जातं.

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. माझा भाचा आता दहाचा आहे, आणि त्याला त्याच पुस्तकाचा मराठी अनुवाद कोण वाचून दाखवतं, तर माझी आई! नावांना अडखळते, मग वैतागून त्या मास्तरांना सरळ "तो दाढीवाला" म्हणते. परवा मी तिला चिडवलं, म्हटलं काय गं, तेव्हा हात पुढे करून उभी होतीस, आणि आजीने तुझ्या नाकाखाली तांदळात लपवलेलं तुला कळलं पण नाही.

आईने चष्मा वर केला. म्हणाली, "डब्यात तांदूळ कोण भरायचं गं?"