थ्रॅशरच्या पापणीवरचे गोचीड

अमेरिकेच्या पूर्व भागात मी पक्ष्यांच्या बँडिंगचं काम करते. जाळीत अडकलेला पक्षी सोडवायचा, पायात नंबराचं ॲल्युमिनियमचं कडं घालायचं, वजन-मापं घेऊन सोडून द्यायचा.

सप्टेंबरातल्या एका सकाळी झुडपांलगतच्या जाळीत ब्राउन थ्रॅशर सापडला. हा पक्षी जमिनीवरचा पालापाचोळा उडवत खाणं शोधतो, त्यामुळे अंगावर एखाददुसरा गोचीड असायचाच. याचं डोकं बघून मात्र मी वजनकाटा बाजूला सारला. दोन्ही पापण्यांच्या कडेला, चोचीच्या मुळाशी, कानांभोवती टम्म फुगलेले करडे गोचीड. काही मोहरीएवढे, काही त्याहून बरेच मोठे. चोच अंगभर फिरते, पण स्वतःच्या डोक्याला लागत नाही. हे बरोबर तिथेच बसतात.

“लाइमवाले?” नवीन आलेल्या मुलीनं हात मागे घेत विचारलं. लाइम हा गोचीड चावल्यानं माणसाला होणारा आजार. इकडे सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, आणि तो रास्तही आहे. लाइम पसरवणारा, हरणांवरचा गोचीड याच झाडीत असतो, पक्ष्यांवरही चढतो.

बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून, न पिळता, एकेक सरळ ओढून काढला. पक्षी फार वेळ हातात ठेवायचा नसतो, म्हणून आधी त्याला सोडलं आणि मग सूक्ष्मदर्शक लावला.

एक निम्फ, म्हणजे अजून प्रौढ न झालेला गोचीड, उताणा केला. लाइमवाल्याच्या गुदद्वाराजवळची खाच पुढून कमान घेते; याची मागून गेलेली. डोळे नाहीत. तोंडालगतच्या स्पर्शिका दोन्हीकडे टोकदार फाकलेल्या, त्यामुळे मुंडकं त्रिकोणी. सशावरचा गोचीड, हिमाफायसॅलिस लेपोरिसपॅलस्ट्रिस! अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत आढळणारा.

याला जन्मात तीन यजमान, म्हणजे रक्त प्यायला तीन प्राणी, लागतात. अंड्यातून निघालेला सहा पायांचा लार्व्हा आणि त्यानंतरचा आठ पायांचा निम्फ जमिनीवरच्या पक्ष्यांवर किंवा सशावर पोसतात, प्रौढ बहुतेक सशावरच. दर वेळी रक्त पिऊन खाली पडायचं, कात टाकायची, पुढचा यजमान गाठायचा. थ्रॅशर आणि कॉटनटेल ससा एकाच झुडपाखाली वावरतात, म्हणून हे जमतं.

माणसाला हा क्वचितच चावतो, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही. सशांमध्ये टुलारेमिया या जिवाणूजन्य आजाराचे जंतू फिरते ठेवण्यात याचा हात असतो, आणि आजारी ससा सोलणाऱ्या शिकाऱ्याला तो आजार होऊ शकतो.

लार्व्हा आणि निम्फ वेगवेगळ्या कुप्यांत, अल्कोहोलमध्ये घातले. आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई विरघळते.

“मग सशांवरचे कोण मोजतं?” मुलीनं विचारलं.

आमचा परवाना फक्त पक्ष्यांचा आहे.