आखाड्यावरचं हवामान यंत्र: बसवायला दोन तास, जागेवर आणायला तीन आठवडे

आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, औसा तालुक्यात. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक इथून सात किलोमीटरवर. तिकडं धो-धो आणि इकडं बांधही भिजत नाही, असं दर मृगात होतं. म्हणून या मे महिन्यात पाऊस, वारा, तापमान सगळं एकाच डोक्यात मोजणारं, वायरलेस, छोटं सौर पॅनेलवालं यंत्र मागवलं.

पहिल्या दिवशी घाईच केली. स्लॅबच्या कठड्याला, पाण्याच्या टाकीशेजारी, क्लॅम्पनं आवळून टाकलं. दुपारी आकडा 46! रात्री दहालाही 36. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडतो आणि यंत्र तीच मोजत बसतं, हे तेव्हा सुचलं नाही. वारा टाकीला वळसा घालून यायचा, त्यामुळं दिशादर्शक भोवऱ्यासारखा फिरत होता.

अण्णा खालून म्हणाले, "ते हवा मोजायलंय का आपला स्लॅब?"

मग खाली मोकळ्यात आणायचं ठरलं. इथं खरी अडचण आहे. तापमान जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर मोजावं, वारा दहा मीटरवर, आणि हवामान खात्याच्या साध्या पर्जन्यमापकाचं तोंड तर जमिनीपासून जेमतेम 30 सेंटिमीटरवर असतं. एकाच डोक्यातल्या यंत्राला हे तिन्ही कसं जमणार? मला पाऊस आणि तापमान महत्त्वाचं, म्हणून साडेसहा फूट धरलं. वाऱ्याचा आकडा कमीच येणार हे मान्य करून टाकलं. फवारणी करायची की थांबायची, एवढं त्यावरून कळतं.

जागा निवडताना कडुलिंबाचं झाड नडलं. अडथळा जितका उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर सोडायचं. झाड 25 फुटांचं, म्हणजे 50 फूट लांब. घरातला डिस्प्ले तिथून सिग्नल पकडतो का, हे खड्डा घ्यायच्या आधी यंत्र हातात धरून बघितलं. दीड इंची जीआय पाइप, दोन फूट खड्डा, काँक्रीट. पाइप ओळंब्यानं सरळ केला, कारण डोकं तिरकं बसलं तर आतली पावसाची डुलती वाटी (भरली की उलटते, त्यावरून पाऊस मोजला जातो) चुकीचं मोजते.

उत्तर दिशेची खूण लावताना मोबाइलचं होकायंत्र लोखंडी पाइपाजवळ बावचळलं. संध्याकाळी अण्णांनी सप्तर्षीवरून ध्रुव दाखवला. आपल्याकडं तो क्षितिजापासून 18 अंशांवरच, लिंबाच्या शेंड्याच्या बाजूला. त्याच्या रेषेत खूण फिरवली आणि स्क्रू आवळला.

दुसऱ्या रात्री आभाळात ढगही नव्हता, तरी सकाळी 0.6 मिमी पाऊस! वाऱ्यानं पाइप थरथरला की वाटी आपोआप उलटत होती. तीन बाजूंनी तारेचे ताण दिले, तेव्हा थांबलं.

मग माप तपासलं. तोंडाचा व्यास 11 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 95 चौरस सेंटिमीटर. 95 मिली पाणी ओतलं तर 10 मिमी दिसायला हवं. भसकन ओतलं तर वाटी मागं पडते, म्हणून सलाईनच्या नळीनं थेंब-थेंब सोडलं. 9.3 आलं. सेटिंगमध्ये 1.07 नं गुणायला सांगितलं.

होले काठावर बसून घाण करायला लागले, तेव्हा केबल बांधायच्या प्लास्टिक पट्ट्या गोलाकार आवळून त्यांची टोकं वर उभी ठेवली. पाखरं गेली. कोळी मात्र आत जाळं करतो. पंधरा दिवसांनी उघडून पुसावंच लागतं.

एक घोळ शेवटपर्यंत कळेना. माझा आकडा मंडळाच्या आकड्याशी कुठल्याच दिवशी जुळेना. यंत्राचा दिवस मध्यरात्री बदलतो, आणि सरकारी पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. आता मी साडेआठला वहीत लिहितो. अतिवृष्टीसाठी 65 मिमी धरतात ते मंडळाच्याच मापावर; माझ्या वहीला तिथं कुणी विचारत नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला. मंडळात 38 मिमी, आमच्याकडं 11. शेजारचे मामा तिफण घेऊन निघाले होते. पेरणीला 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय घाई नको, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. अण्णांनी वही बघितली, बियाण्याच्या पिशव्या पुन्हा खोलीत ठेवल्या आणि मामांना हाक मारली, "ओ पाहुणं, जरा चहा घेऊन जावा की."