बंबातला दिवा

परवा दुपारी एका मैत्रिणीच्या नव्या घरी गेले होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बंब. तांब्याचा, चिंच लावून घासावा तसा लख्ख, आणि अंगभर बारीक बारीक भोकं पाडलेली. "आत बल्ब लावलाय. रात्री काय दिसतो म्हणून सांगू!" ती म्हणाली. मी मात्र आधी तोटी बंद आहे ना ते पाहिलं आणि मग मान वाकडी करून नळकांड्यात काजळी किती साचलीय ते. काजळी कुठली? आत वायर होती.

एवढी भोकं बघून पोटात कालवलं. आमच्याकडे बंबाला एक बारीकसं भोक पडलं तर दोन दिवस घरात कोणी धड बोलत नसे.

आमचा बंब न्हाणीघरात, तीन पायांवर उभा. फरशी मोरीकडे उतरती, म्हणून एका पायाखाली कौलाचा तुकडा. मधून नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राखेसाठी फुटकं घमेलं. त्याच्या राज्यात कायदा एकच: जेवढं गरम काढाल तेवढं गार घाला. आजी स्वयंपाकघरातून नुसत्या आवाजावर हिशेब ठेवायची. तोटीची धार थांबली आणि नरसाळ्यात तांब्या उपडा झाल्याचा आवाज आला नाही, की लगेच, "घेतलंस तेवढं घाल गं!" आम्ही भावंडं दोन तांबे घेऊन एक घालायचो. शेवटी अंघोळीला जाणाऱ्या काकाच्या वाट्याला कोमट पाणी यायचं. काका शिव्या मात्र बंबाला द्यायचा.

हा कायदा काही नुसता शेवटच्या माणसासाठी नव्हता. भोवती पाणी आहे तोवर आत कितीही जाळ करा, तांबं शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. पाणी उष्णता ओढून घेतं. तांब्याला स्वतःला वितळायला हजारावर अंश लागतात, पण सांध्यांची कथलाची झाळ दोनशेच्या आसपासच मऊ पडते. एकदा पहाटेच्या झोपेत काकाने रिकामाच बंब पेटवला. थोड्या वेळात खालून चमकते थेंब पडायला लागले, तर हा म्हणतो, "पाणी गळतंय." पाणी कुठलं, ती झाळ होती. पुन्हा झाळून आणला, पण त्या सांध्यातून नंतर कायम ठिबकायचं आणि निखाऱ्यावर थेंब पडून चर्र व्हायचं. प्रत्येक चर्र झालं की आजी काकाकडे बघायची. बोलायची काही नाही.

बंब पहाटे पेटतो असं लोकांना वाटतं. तो आदल्या संध्याकाळी पेटायचा. जाळी ठोकून राख पाडायची, घमेलं रिकामं करायचं, नारळाच्या शेंड्या वेगळ्या, करवंट्या वेगळ्या, सुताराकडून आणलेल्या ढलप्या वेगळ्या, आणि बाभळीचे दोन जाड तुकडे उद्यापुरते चुलीजवळ उबेला. हे सगळं माझं काम. मी कंटाळा केला तर सकाळी कळायचंच, कारण जाळीची भोकं राखेने बुजली की खालून वारा येत नाही आणि बंब नुसता खोकत राहतो.

आणि सगळं जमलं तर? अंधारात आजी जाळीवर शेंडी ठेवायची, काडी ओढायची, वरून दोन करवंट्या सोडायची. आधी नुसता पिवळट धूर. मग भक्. मग नळकांडं हूं करायला लागायचं, लांबून ट्रक यावा तसं. चुलीपुढे बसून फुंकणीने डोळे लाल करून घ्यावे लागतात, इथे फुंकणी लागतच नाही. तापलेली हवा हलकी होऊन नळकांड्यातून वर पळते, तिच्या जागी खालून जाळीतून गार हवा ओढली जाते, आणि नळकांडं जेवढं उंच तेवढी ओढ जास्त. हे मला शाळेत फार पुढे कळलं. तोवर माझी खात्री होती की बंबाला पोट आहे आणि त्याला भूक लागते. अजूनही हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं.

काजळी काढण्याचं काम दर महिन्याचं. बांबूच्या काठीला काथ्या बांधून नळकांड्यातून वरखाली करायचं. काजळी उष्णतेला अडवते, म्हणजे आत जाळ भडकलेला आणि पाणी मात्र तसंच. नाक, कान, वेणी, सगळं काळं करून मी बाहेर यायचे आणि मगच बंबाच्या पाण्याने अंघोळ. आतल्या बाजूलाही पाण्याच्या क्षारांचा थर धरायचा. तो कधी कोणी काढला नाही. हात जात नव्हता.

ओल्या लाकडाचा मला अजून राग आहे. कोणी परसात शेकोटी केली आणि लाकडाच्या टोकाला फेस दिसला की मी उठून लांब बसते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं. ते वाळून वीस टक्क्यांच्या खाली यावं तेव्हा कुठे ते जळण म्हणण्याच्या लायकीचं होतं. मी एकदा कागदावर गणित मांडलं होतं. लाकडात लपलेलं एक लिटर पाणी वाफ करून घालवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात वीस लिटरची अख्खी बादली २० अंशांवरून ४५ पर्यंत तापते. म्हणजे ओलं लाकूड घालणारा माणूस दर लिटरमागे कोणाची तरी एक अंघोळ पळवतो. आजीला हे आकडे माहीत नव्हते. ती दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. खणखणीत वाजलं तर घे, बद्द वाजलं तर ठेव परत माळ्यावर.

आणि सारखे निखारे ढोसत बसणारे. त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. आमच्या घरात तेच लोक एरवीही काड्या करायचे.

धुराला मात्र आजी शत्रू मानायची, आणि ते बरोबरच होतं. धूर म्हणजे न जळता निघून गेलेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात, ते पेटले तर ज्वाळा, नाहीतर धूर. धूर सरून लालबुंद निखारे उरले की ती म्हणायची, "आता कसा शहाणा झाला." शहाण्या निखाऱ्यांवर मग घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी निवांत व्हायच्या. न्हाणीघराला वर कौलं, भिंत आणि कौलांच्या मध्ये वीतभर फट. त्या फटीतून चिमण्या यायच्या, थंडीत वारा यायचा. आम्ही त्या फटीला फार नावं ठेवली.

पुढे वडिलांची बदली झाली आणि आम्ही दोन खोल्यांच्या घरात आलो, तेव्हा बंबही आला. न्हाणीघर म्हणजे चार फरश्यांची जागा, वर स्लॅब, एक बारकी खिडकी, थंडीची म्हणून कागद लावून बंद केलेली. बंब आईने गॅलरीत पेटवला. धूर संपला, निखारे लाल झाले, तसा आजीच्याच शिस्तीने उचलून आत ठेवला. धाकट्या भावाने आतून कडी लावली.

निखाऱ्यांना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. आम्हाला ऐकू आला तो फक्त तांब्या पडल्याचा आवाज. आई बाहेरून ओरडली, "अरे, घेतलंस तेवढं घाल." आतून उत्तर नाही.

वडिलांनी दार तोडलं. भाऊ गॅलरीत अर्ध्या तासाने शुद्धीवर आला, ओकला, डोकं दुखतंय म्हणाला. आज तो चांगला दोन मुलांचा बाप आहे. बंब त्या दिवशी माळ्यावर गेला. वडिलांनी तो आतल्या पाण्यासकट उचलला होता. जिन्यात पाणी सांडलं होतं, अजून कोमट.

मैत्रिणीने तेवढ्यात पडदे ओढले आणि बटण दाबलं. भिंतीवर, छतावर, आमच्या दोघींच्या हातांवर तांबूस ठिपके पसरले. फार सुंदर दिसत होतं, खोटं का बोला.

"कसा वाटतो?" तिने विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं, "जरा खिडकी उघडू का गं?"