मंगळवार ते रविवार

मुलाने मला एक्सेल शीट करून दिली होती. न्यूयॉर्कमधल्या सात रात्री, जॅझचे सात क्लब, प्रत्येकाचा पत्ता, पहिल्या सेटची वेळ, जवळचं स्टेशन आणि शेवटच्या रकान्यात ‘सेफ?’ असा प्रश्न. उत्तर सगळीकडे ‘हो’ लिहिलेलं. म्हणजे तो प्रश्न मला नव्हता, स्वतःलाच विचारलेला होता. चौतीस वर्षं बँकेत घालवलेल्या बाईला लेकाने रकाने आखून द्यावेत याची गंमत वाटली, पण मी ती शीट छापून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. तो राहतो जर्सी सिटीत, जर्नल स्क्वेअरला. तिथून पाथ गाडीत बसलं की हडसन नदीच्या खालून ख्रिस्तोफर स्ट्रीट, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. ही गाडी रात्रभर चालू असते हे कळलं आणि माझी शेवटची सबबही संपली.

जॅझ मला कळतं असा माझा दावा नाही. आमच्या घरी ते सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून आलं, आणि आलंय हे घरात कोणाला माहीतही नव्हतं. वडील रेडिओसमोर ताल धरायचे आणि ‘काय ठेका आहे!’ म्हणायचे, एवढंच. लहानपणी मी चार वर्षं पेटी शिकले, त्यातून एक खोड लागली ती लागलीच: काहीही ऐकताना बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायच्या. न्यूयॉर्कला जाताना माझ्याकडे तेवढंच भांडवल होतं. शिवाय नोव्हेंबरातल्या थंडीने धरलेला खोकला, आणि त्यावर पुण्याहून आणलेल्या आलेपाकाच्या वड्या.

सोमवारी व्हिलेज व्हॅनगार्ड. सेव्हन्थ अॅव्हेन्यूवर एक लाल दार, दारातून खाली पंधरा पायऱ्या. मोजल्या, अर्थातच. खाली तळघरात त्रिकोणी खोली, आणि त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाला रंगमंच. रंगमंच कसला, आमच्या सोसायटीच्या गणपतीचा मंडप मोठा असतो. 1935 साली मॅक्स गॉर्डन नावाच्या माणसाने ही जागा सुरू केली आणि त्यांचं घराणं आजही ती चालवतं. एकशे तेवीस माणसं मावतात. आत कधीकाळी स्वयंपाकघर होतं. आता तिथे स्वयंपाक होत नाही, वादक दोन सेटच्या मध्ये तिथे जाऊन बसतात. खायला काही मिळत नाही, पण एक पेय घ्यावंच लागतं. मी जिंजर एल मागवलं.

सोमवारी इथे सोळा जणांचा वाद्यवृंद वाजवतो. फेब्रुवारी 1966 पासून दर सोमवारी, म्हणजे माझं वय आणि त्या सोमवारचं वय जवळपास सारखं. थॅड जोन्स आणि मेल लुईस या दोघांनी तो सुरू केला. वाजवणारे बहुतेक दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांसाठी वाजवणारे लोक. सोमवारची रात्र क्लबात मंद असायची, म्हणून ती त्यांना मिळाली. पोटासाठी सहा दिवस आणि मनासाठी एक रात्र. मुंबईत हेच चक्र उलटं फिरायचं. गोव्याहून आलेले वादक रात्री हॉटेलांत आपलं आवडतं वाजवायचे आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला हजर व्हायचे. ताजमध्ये बँड घेऊन वाजवणारा चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांसाठी ट्रम्पेट फुंकायचा. वडिलांच्या ‘काय ठेका आहे’मधला बराचसा वाटा त्याचा होता, हे मला त्या तळघरात बसून समजलं. पितळेची वाद्यं एकदम गरजली तेव्हा पाण्याच्या ग्लासात लाटा उठल्या. खोटं वाटेल, पण मी बघितल्या.

मंगळवारी शीटप्रमाणे दुसरा क्लब होता. पण व्हॅनगार्डमध्ये सोमवारचा वृंद वेगळा आणि मंगळवार ते रविवार एकच पाहुणा जथा, रोज दोन सेट, अशी पद्धत. या आठवड्याला तिघे होते: पियानो, डबल बास, ड्रम. त्यांची नावं देत नाही, कारण पुढे आलेपाकाची गोष्ट यायची आहे. म्हणून मी पुन्हा तिथेच गेले. लवकर पोचले आणि फुटपाथवर रांगेत उभी राहिले, तेवढ्यात बासवाला आला. पाठीवर माणसाहून उंच वाद्य, काळ्या गवसणीत. त्याने दाराशी ते फिरवलं, कवटाळलं आणि एकेक पायरी उलटं उतरत खाली नेलं. आजारी आजोबांना जिन्यावरून उतरवतात ना, अगदी तसं. रांगेतले सगळे गप्प झाले होते. तळाशी पोचल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

मला जागा मिळाली त्याच्याच पुढ्यात, दीड हातावर. तिसरं की चौथं गाणं सुरू होतं, ब्रॉडवेच्या जुन्या नाटकातलं. या गाण्यांचा साचा मला मुलाने समजावला होता: आठ-आठ मापांचे चार तुकडे, पहिले दोन सारखे, तिसरा वेगळा, चौथा पुन्हा पहिल्यासारखा. बत्तीस मापांचं एक आवर्तन. आधी चाल वाजते, मग त्याच आवर्तनावर एकेक जण आपापलं बोलतो, शेवटी परत चाल. पियानोचं झालं आणि बासची पाळी आली. आपल्याकडे ‘बास’ म्हटलं की वाढप्याचा हात थांबतो, इथेही बास म्हणताच बाकीचे दोघे थांबले. एकटा तोच. जाड तारा, आणि बोटाच्या टोकाला चिकटपट्टी. खोली अशी शांत की बर्फ वितळताना ऐकू यावा.

आणि मला खोकल्याची उबळ आली.

खोकायचं नाही म्हणून पर्समध्ये हात घातला. आलेपाकाची वडी ज्या प्लास्टिकात गुंडाळलेली असते ते प्लास्टिक आपण आजवर कधी नीट ऐकलेलं नाही. रेल्वेत, लग्नात, देवळात ते बिचारं बिनआवाजी वाटतं. तिथे ते कडाडलं. हळू उघडावं म्हणून हळू ओढलं, तर तेवढाच आवाज लांबला. बासवाल्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, वाजवणं न थांबवता. मी वडी तोंडात टाकली, वर जिंजर एलचा घोट घेतला, आल्यावर आलं, आणि पुढचा अर्धा तास मान वर केली नाही.

बुधवारी वेस्ट टेन्थ स्ट्रीटवरच्या स्मॉल्समध्ये गेले. हेही तळघर, याहून लहान. 1994 साली सुरू झालं तेव्हा दारूचा परवाना नव्हता, लोक आपापलं घेऊन यायचे. मध्यरात्रीनंतर इथे जॅम, म्हणजे पाळीपाळीने येऊन वाजवायची खुली बैठक, असतो आणि मुलं-मुली वाद्यांच्या पेट्या मांडीवर घेऊन पाळीची वाट बघत बसतात. एक ट्रम्पेटवाली पोरगी, एकवीस-बावीसची असेल, सव्वाबारापासून बसली होती. दोनला तिला बोलावलं. तिने दोन आवर्तनं वाजवली, खाली आली, पेटी बंद केली आणि निघून गेली. कसं झालं हे कोणाला विचारलं नाही. मी साडेतीनला घरी पोचले. मुलगा सोफ्यावर जागा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला बावीस वर्षांपूर्वीची मी दिसले.

गुरुवारी शीट घरी ठेवली आणि परत व्हॅनगार्ड गाठलं. कारण सरळ होतं: मला ते ब्रॉडवेचं गाणं पुन्हा ऐकायचं होतं, या वेळी लाजेने मान खाली न घालता. त्यांनी वाजवलंही, पण मंगळवारचं ते हे नव्हतं. चाल थोडी लवकर सुटली, पियानोवाला तिसऱ्या तुकड्यात भलतीकडे गेला आणि ड्रमवाला हसला. ब्रशने तो ड्रमवर जे करत होता त्याचा आवाज सुपात तांदूळ पाखडल्यासारखा. मंगळवारी तो पाखडत होता, गुरुवारी निवडत होता.

मग माझ्या लक्षात आलं की मी सारखी याची तुलना गाण्याच्या मैफलीशी करत होते आणि चुकत होते. मैफलीत गवई एकदा येतो, मारवा गातो आणि जातो; पुन्हा मारवा कधी ऐकू येईल त्याचा नेम नाही. हे नाटकासारखं आहे. हे प्रयोग आहेत. संहिता तीच, पण चौथ्या-पाचव्या प्रयोगाला नट वाक्य बोलायच्या आधी थांबायला शिकतो, समोरचा त्या थांबण्याला उत्तर द्यायला शिकतो. आमचे एक काका म्हणायचे, पहिला प्रयोग नातेवाइकांनी बघावा. सहा दिवस, दोन सेट, बारा प्रयोग. आठवडा ही नुसती सोय नाही, हे लोणचं मुरायला लागणारं माप आहे.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, बहुधा दर आठवड्याला येणारे. मी त्यांना हे तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं तर ते पियानोवादक थेलोनियस मंकवर गेले. त्या काळी या शहरातल्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागे. 1951 साली अमली पदार्थांच्या एका प्रकरणात मंकचं कार्ड काढून घेतलं. सहा वर्षं. ज्या शहरात तो राहायचा त्याच शहराच्या क्लबात त्याला वाजवायला बंदी. 1957 साली कार्ड परत मिळालं आणि फाइव्ह स्पॉट नावाच्या क्लबने त्याला बोलावलं ते कित्येक महिने तिथेच ठेवून घेतलं, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेनला घेऊन. ‘एक आठवडा मिळणं,’ गृहस्थ म्हणाले आणि पुढचं वाक्य न बोलता त्यांनी ग्लास थोडा वर उचलला. भाविकदेखील इतक्या भक्तीने तीर्थ घेत नाहीत.

शुक्रवारच्या क्लबाचं नाव सांगत नाही. जेवण बरं होतं. आमच्या टेबलावर चौघांचा वाढदिवस होता, म्हणजे एकाचा असेल पण ओरडत चौघे होते, आणि व्हायोलिनवाली बाई बिचारी वाजवत होती. बिल बघून मी हिशोब केला: प्रवेश, किमान दोन पेयं, वीस टक्के टिप, वर कर; ऐकलेल्या मिनिटांनी भागाकार केला. बँकेची सवय. आकडा लिहीत नाही, मुलगा हे वाचतो.

शनिवारी कुठेच गेले नाही. सून आणि मुलगा बाहेर, नातू माझ्याकडे. तो झोपल्यावर मी मेथी निवडायला बसले आणि मुलाने लावून ठेवलेली पियानोवादक बिल इव्हान्सची तबकडी ऐकली. 25 जून 1961, रविवार, त्याच त्रिकोणी तळघरात, दुपारी आणि रात्री मिळून पाच सेट मुद्रित केले गेले. बासवर स्कॉट लाफारो, वय पंचवीस. पियानो ऐकता ऐकता मागे काहीतरी किणकिणलं. मला वाटलं सिंकमधली भांडी. नाही, ते तबकडीतच होतं. ग्लास. मग कोणीतरी बोललं. एक बाई हसली, खुशाल, मोकळी. पासष्टएक वर्षांपूर्वीची तिची गंमत अजून तिथे आहे, आणि बिचारीला त्या दुपारी माहीत नसेल की आपल्यासमोर काय चाललंय. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. मेथीच्या काड्या हातात तशाच राहिल्या. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. माझं प्लास्टिक काही पहिलं नव्हतं.

इव्हान्सच्या त्या तिघांचाही तो मुक्कामाचा शेवटचा दिवस होता. म्हणजे मुद्रण करणाऱ्यांनाही लोणच्याची बरणी केव्हा उघडायची ते कळत होतं.

रविवारी निघण्यापूर्वी मी सगळ्या वड्यांचे कागद सोडवले आणि वड्या नातवाच्या स्टीलच्या डबीत भरल्या. दुसरा सेट, दहाचा. माझी जागा तीच, मागूनच घेतली. ब्रॉडवेचं गाणं शेवटून दुसरं आलं, पण आलंय हे कळायला मला वेळ लागला, कारण कोणी चाल वाजवलीच नाही. बासने सुरुवात केली, थेट मधून, तिसऱ्या तुकड्यावरून. पियानोवाला हात मांडीवर ठेवून बसला. एक अख्खं आवर्तन ड्रमही गप्प. मी पेरांवर मोजत होते, बत्तीस, आणि बरोबर तेहतिसाव्याला तिघेही एकदम उतरले, कोणी कोणाकडे न बघता. माझ्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. दोन-चार माना वळल्या. आम्ही मंगळवारपासून ओळखीचे आहोत अशा थाटात मी बसून राहिले.

संपल्यावर सगळे वर निघाले. मी कोट घालेपर्यंत जिना रिकामा झाला होता आणि खालून बासवाला येत होता, वाद्य पुन्हा पाठीवर. आठवडाभर ते खालीच मुक्कामाला होतं, आज घरी निघालं. मी वर जाऊन लाल दार धरून ठेवलं. पंधरावी पायरी चढून तो थांबला, श्वास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “आज कागद वाजला नाही.”

मी डबी काढून उघडली. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. मग एक वडी कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून त्याच्या कोटाच्या खिशात टाकली.

“तिखट आहे हां,” मी मराठीतच म्हणाले.

त्याने मान हलवली, वाद्य खांद्यावर सारखं केलं आणि कोपऱ्यावरच्या सबवेच्या पायऱ्यांकडे चालू लागला, पुन्हा खाली उतरायला.