होकायंत्र पाकिटात, नोंदवही हातात: सहा महिन्यांचा हिशेब

होकायंत्राशिवाय दिशा ओळखायला शिकायचं म्हणून डिसेंबरात मी होकायंत्र एका पाकिटात घालून चिकटपट्टीनं बंद केलं आणि एक नियम ठरवला: उत्तर दिशा कुठे आहे ते आधी वहीत लिहायचं, मगच पाकीट फोडायचं. क्रम चुकला तर ती नोंद रद्द. आज वहीत 211 नोंदी आहेत. सुरुवातीला चारच रकाने होते: वेळ, वापरलेली खूण, माझी उत्तर, खरी उत्तर. जानेवारीत पाचवा रकाना वाढवला, तो म्हणजे चूक किती अंशांची आणि कोणत्या बाजूला; डिसेंबरच्या नोंदींनाही तो मागाहून जोडला. माझी खरी प्रगती या पाचव्या रकान्यापासून सुरू झाली. त्याआधी मी फक्त 'जमलं' किंवा 'नाही जमलं' एवढंच लिहीत होते आणि त्यातून काहीच शिकत नव्हते.

अंश मोजायला हातच पुरतो. हात पूर्ण लांब केला की मूठ साधारण 10 अंश, मधली तीन बोटं 5, करंगळी 1. पण प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून आधी आपली मूठ तपासून घ्या. डोळ्यापासून 57 सेंटिमीटरवर धरलेल्या पट्टीवरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ नेमका 1 अंश. त्या हिशेबानं माझी मूठ 9 अंशांची निघाली. पहिल्या महिन्यातली सगळी मोजमापं त्यामुळे पुन्हा लिहावी लागली.

होकायंत्रावरही डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. ते चुंबकीय उत्तर दाखवतं आणि ती भौगोलिक उत्तरेपासून ठिकाणागणिक कमीजास्त सरकलेली असते. ध्रुव तारा मात्र खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाच्याही आत आहे. त्यामुळे पहिल्याच रात्री ध्रुवाच्या खाली ओळंबा धरून होकायंत्रातला फरक काढला आणि पाकिटावर लिहून ठेवला. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितकं आपलं अक्षांश. माझ्याकडे तो सुमारे 19 अंशांवर दिसतो. पुढचे आकडे वाचताना हे लक्षात असू द्या, कारण अक्षांश बदललं की बरेच आकडे बदलतात.

डिसेंबर: घड्याळ पास, काठी नापास

पहिल्या दोन आठवड्यांत घड्याळाची रीत वापरली. तासकाटा सूर्याकडे धरायचा, तासकाटा आणि 12 यांच्यातला कोन मधोमध दुभागायचा, ती दक्षिण. डिसेंबरात सकाळी नऊला केलेल्या नोंदींत चूक 3-4 अंशांच्या पुढे गेली नाही. मी फार खूश होते.

त्याच दिवसांत काठीची सावली मात्र सतत फसवत होती. काठी उभी रोवायची, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, अर्ध्या तासानं नव्या टोकाशी दुसरा, आणि पहिल्या खड्यापासून दुसऱ्याकडे जाणारी रेषा म्हणजे पूर्व, असं सगळीकडे सांगितलं जातं. नऊ ते साडेनऊच्या दरम्यान माझी ही 'पूर्व' दर वेळी 18-20 अंशांनी दक्षिणेकडे सरकलेली यायची. आधी वाटलं काठी तिरकी असेल. ओळंबा लावून पाहिला, तरी तेच. मग एके दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर पंधरा मिनिटांनी खडा ठेवत गेले. संध्याकाळी समोर जमिनीवर एक मोठी कमान उमटली होती आणि कारण कुणी सांगायची गरजच उरली नाही. हिवाळ्यात सावलीचं टोक सरळ चालत नाही, वाकत चालतं. कमानीचा मधला भाग, म्हणजे भर दुपारच्या आसपासचा, जवळपास पूर्व-पश्चिम असतो. तिथे चूक 2-3 अंशांवर येते. दोन्ही टोकांना ती वाढत जाते.

ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी याहून चांगली रीत आहे आणि ती अतिशय जुनी आहे. कात्यायन शुल्बसूत्र या प्राचीन ग्रंथात ती सांगितली आहे: शंकू, म्हणजे उभी काठी, रोवा, त्याच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढा, सकाळी आखडत जाणारी सावली वर्तुळाला जिथे टेकेल तिथे खूण करा, दुपारनंतर वाढणारी सावली पुन्हा जिथे टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. ही रीत कुठल्याही ऋतूत चालते, कारण सकाळी आणि दुपारी सूर्य सारख्याच उंचीवर असतानाच आपण खुणा करतो. सावलीची कमान कितीही वाकडी असो, ती दोन्ही बाजूंना सारखीच वाकते. माझ्या सात प्रयत्नांत सर्वांत मोठी चूक 2 अंशांची. तीन-चार तास एका जागी थांबावं लागतं, एवढाच तोटा. मुक्कामाच्या जागी मी आता पहिलं काम हेच करते.

मार्च ते मे: सगळं उलटं झालं

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कमानीचा प्रयोग पुन्हा केला. खडे दिवसभर एका सरळ रेषेत पडले. दोरा ताणून पाहिला, दोऱ्याला खडे चिकटून होते. विषुवदिनाला असं होतं हे वाचलेलं असणं वेगळं आणि आपल्याच खड्यांची ती रेषा संध्याकाळच्या उन्हात पाहणं वेगळं. मी बराच वेळ तिथे बसून होते. त्या दिवसांत सकाळी आठ वाजता केलेली सावलीची नोंदही अचूक आली.

आणि घड्याळ? त्याच दिवसांत सकाळी नऊची चूक 27 अंश. एप्रिलच्या मध्याला 40. मेच्या सुरुवातीला जवळपास 50. ज्या रीतीवर मी डिसेंबरात सर्वांत जास्त विसंबले होते, तिनंच वहीतली सर्वांत वाईट पानं भरली. कारण असं की घड्याळाची रीत सूर्य क्षितिजावरून दर तासाला 15 अंश सारख्या गतीनं सरकतो असं धरून चालते. उंच अक्षांशांवर हे थोडंफार खरं आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या पट्ट्यात मात्र उन्हाळी सूर्य सकाळभर जवळजवळ पूर्वेलाच राहून वर चढतो, डोक्याजवळून झपाट्यानं पलीकडे जातो आणि दुपारभर पश्चिमेला उतरत राहतो. मेमध्ये सकाळी नऊला सूर्याकडे तोंड करून 'ही पूर्व' म्हटलं, तर माझी चूक 5 अंशांच्या आत असते. घड्याळ काढायची गरजच नाही!

घड्याळ वापरायचंच असेल तर त्यातली वेळही सूर्याची नसते हे विसरू नका. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दर अंशाला 4 मिनिटांचा फरक पडतो. त्यात सूर्याची स्वतःची मागेपुढे होणारी चाल मिसळते: फेब्रुवारीच्या मध्याला तो सुमारे 14 मिनिटं उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं लवकर माथ्यावर येतो.

रात्र

रात्रीच्या नोंदी दिवसापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत. ध्रुव सापडला की प्रश्न मिटला, आणि सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा क्रतूच्या बाजूनं त्यांच्यातल्या अंतराच्या सुमारे पाचपट पुढे नेली की तो सापडतो. पण डिसेंबरात संध्याकाळी माझ्या आकाशात सप्तर्षी नव्हतेच, ते क्षितिजाखाली होते. तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून काम चालवलं. ध्रुवाच्या एका बाजूला सप्तर्षी, दुसऱ्या बाजूला शर्मिष्ठा, त्यामुळे बहुतेक वेळा एक तरी वर असते.

झाडीतून किंवा डोंगराआडून उत्तर दिसत नसेल तेव्हा काय, या प्रश्नानं मला उगवत्या ताऱ्यांकडे वळवलं. तारा वर्षभर क्षितिजावर एकाच जागी उगवतो, वेळ तेवढी बदलते. मृगातल्या बाणाचे तीन तारे घ्या. त्यातला सर्वांत आधी उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्ताला, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या वर्तुळाला, जवळपास चिकटून आहे, म्हणून तो जगात कुठूनही ठीक पूर्वेला उगवतो आणि ठीक पश्चिमेला मावळतो. बाकीच्यांची यादी मी माझ्या अक्षांशासाठी केली, उत्तरेपासून पूर्वेकडे मोजत: अभिजित 48, स्वाती 70, श्रवण 81, चित्रा 102, व्याध 108, अगस्त्य 147 अंश. तुमचं अक्षांश वेगळं असेल तर तुमची यादी तुम्हीच करा. पाठांतर होत नव्हतं, म्हणून उघड्या माळावर गोल फिरत, त्या त्या दिशेला बोट दाखवत ताऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायला लागले. दोन आठवड्यांत अंगात मुरलं.

या रीतीचं खरं सामर्थ्य समुद्रावर दिसलं आहे. 1976 साली सातावाल बेटाचे नावाडी माऊ पियाइलुग यांनी होकुलेआ ही दुहेरी नाव हवाईहून ताहितीला नेली, जवळपास 4000 किलोमीटर, एकही उपकरण न वापरता. उगवत्या-मावळत्या ताऱ्यांच्या जागा, लाटांची चाल आणि पक्षी यांवर. माझ्या सहा ताऱ्यांच्या यादीकडे पाहताना मला दर वेळी ते आठवतात.

एक अडचण सांगते. क्षितिज धुरकट असेल तर तारा 15-20 अंश वर आल्यावरच दिसतो आणि तोवर तो दक्षिणेकडे सरकलेला असतो, कारण उत्तर गोलार्धात पूर्वेचे तारे सरळ वर न जाता दक्षिणेकडे झुकत चढतात. हा कल अक्षांशाएवढाच असतो. त्यामुळे दिसलेल्या ताऱ्यापासून तितक्याच तिरक्या रेषेनं मनात खाली यायचं. हे कळल्यावर माझी चूक 7 अंशांवरून 3 वर आली.

चंद्रानं निराश केलं. शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र सूर्यास्ताला दक्षिणेला असतो हे धरून बाहेर पडले, तर फेब्रुवारीत तो थेट डोक्यावर. मान वर करून दक्षिण कुठली ठरवणार?

फेब्रुवारीतली ती दुपार

दिशा ओळखता येणं आणि ती धरून चालता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा कळलं. दाट झाडी, पूर्ण ढगाळ आभाळ, बरोबर एक मैत्रीण. पश्चिमेला चाळीस मिनिटांवर रुंद वाट होती. निघताना माझी पश्चिम बरोबर होती, हे नंतर ताडून पाहिलं. पाऊण तास चाललो आणि समोर एक ओढा आला. सुरुवातीला ओलांडलेलाच. काठावर आमच्याच पावलांचे ठसे. चकवा लागणं म्हणजे काय ते त्या क्षणी समजलं, पोटात गोळा आला. तिथेच पाकीट फोडलं आणि होकायंत्रावर बाहेर पडलो.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 साली नेमकं हेच तपासलं होतं. माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी जंगलात चाललेले गोल फिरून आपल्याच वाटेवर आले, आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळे बांधले तर 20 मीटर व्यासाएवढी लहान वर्तुळं होत. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एका बाजूला वळतो, हे स्पष्टीकरण तिथे टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे.

तेव्हापासून चालण्याच्या वेगळ्या नोंदी ठेवते. झाडीत आता समोर एका ओळीत तीन खुणा धरते. पहिलीपाशी पोहोचायच्या आधी तिसरीच्या मागची चौथी निवडते, म्हणजे ओळ तुटत नाही. दर थोड्या वेळानं मागे वळून पाहते, कारण परतताना वाट उलट्या बाजूनं दिसते आणि ती आपण कधी पाहिलेलीच नसते. पावलं मोजते: सपाटीवर 100 मीटरला माझी 62 जोडपावलं, चढावर 74. वाळवंटी मुंग्याही पावलं मोजतात. 2006 सालच्या एका प्रयोगात परतण्याआधी त्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे जोड लावून पाय लांब केले, तर त्या वारुळाच्या पुढे निघून गेल्या, कारण पावलं तेवढीच टाकली पण पाऊल लांब झालं होतं.

ओढ्यावरच्या एखाद्या ठरावीक जागी पोहोचायचं असेल तर आता मुद्दाम 10 अंश डावीकडे नेम धरते. ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे आधीच पक्कं असतं. नेमका नेम धरून चुकलं, तर डावीकडे जावं की उजवीकडे, हेच कळत नाही.

शेवाळाचंही लिहून टाकते. ते उत्तरेला असतं म्हणतात. मी 24 झाडं मोजली. 9 झाडांवर ते उत्तरेच्या 45 अंशांच्या आत होतं, बाकी जिथे ओल टिकली तिथे. त्यावर चालू नका.

आता मेचा मध्य आहे. या दिवसांत रात्री नऊच्या सुमाराला त्रिशंकू हा क्रॉसच्या आकाराचा तारकासमूह दक्षिण क्षितिजाजवळ सरळ उभा राहतो आणि त्याचा लांब दांडा खाली, ठीक दक्षिणेकडे रोखलेला असतो. काल पहिल्यांदा तो मला ढगांच्या फटीतून दिसला. नोंद क्रमांक 211, चूक 2 अंश, पूर्वेकडे. पुढचे काही आठवडे आभाळ झाकलेलं राहील. त्या काळात फक्त गालावरच्या वाऱ्यावर दिशा धरून माळावर 500 मीटर चालायचं आणि शेवटी किती सरकले ते दोरीनं मोजायचं ठरवलं आहे. रकाना आखून झाला आहे.