यादीतला आकडा आणि खुराड्यातली अंडी

इकडे पिल्ले विकणाऱ्या हॅचरीची यादी उघडली की जातींची ही रांग, आणि प्रत्येक नावापुढे वर्षाकाठी अंडी किती याचा आकडा. नवखा माणूस त्यावरूनच जात निवडतो. आकडा खोटा नसतो, पण तो कोंबडीच्या पहिल्या वर्षाचा असतो. परसातली कोंबडी मात्र चार-पाच वर्षे सहज राहते.

आयसा ब्राउनसारखे संकर १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात आणि पहिल्या वर्षी ३०० च्या पुढे जातात. स्वभाव गरीब, हाताळायला सोपे. पण इतकी अंडी शरीराकडून वसूल होतात. तिसऱ्या वर्षापासून कवच पातळ होणे, बलक अंडनलिकेत न जाता पोटात पडून संसर्ग होणे, अंडनलिका बाहेर येणे, ही दुखणी याच कोंबड्यांत जास्त दिसतात. शिवाय हा संकर असल्याने त्यांची पिल्ले आईसारखी निघत नाहीत.

पांढरी लेगहॉर्न २८० च्या आसपास पांढरी अंडी देते. वजन जेमतेम २ किलो, खाणे कमी. तिचा मोठा तुरा शरीरातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून उन्हाळा तिला सोसतो. कडाक्याच्या थंडीत मात्र तोच तुरा गोठून काळा पडतो. बर्फाच्या मुलखात चपट्या तुऱ्याची वायंडॉट बरी, अंडी २०० च्या घरात असली तरी. लेगहॉर्न भित्री आणि उडणारी. एकाच पंखाची मोठी पिसे कापावीत, म्हणजे तोल जाऊन ती कुंपण ओलांडत नाही. दोन्ही पंख कापले तर तोल साधतो आणि ती उडायला शिकते!

ऑस्ट्रालॉर्पचे नाव १९२२-२३ मध्ये गाजले: सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली. आजच्या ऑस्ट्रालॉर्पकडून २५० धरावीत. प्रदर्शनासाठी जोपासलेल्या वंशातली असेल तर तेवढीही नाहीत. जातीपेक्षा वंश महत्त्वाचा, म्हणून विकणाऱ्याला आधी तेच विचारावे. ऱ्होड आयलंड रेडलाही हेच लागू.

बफ ऑर्पिंग्टन दिसायला गोड, पण खुडूक बसण्यात, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला ठाण मांडण्यात, पटाईत. खुडूक कोंबडी सोडून दिली तर तीन आठवडे आणि पुढचे काही दिवस अंडे नाही. उपाय सोपा: जाळीच्या तळाचा पिंजरा जमिनीपासून उंच ठेवून, दाणापाणी देऊन तिला तीन-चार दिवस त्यात ठेवायचे. पोटाखालून हवा खेळली की ऊब मोडते. खर्चाचा हिशोबही पाहा. लेगहॉर्न रोज ११० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. अंड्यामागे साधारण १४३ ग्रॅम. ऑर्पिंग्टनला रोज १४० ग्रॅम लागले आणि अंडी १८० मिळाली, तर अंड्यामागे २८४ ग्रॅम. जवळपास दुप्पट. (तरी लोक तिच्या प्रेमात पडतात, ते अंड्यांसाठी नव्हे.)

परसासाठी सहा कोंबड्यांचा माझ्या मते चांगला मेळ असा: दोन संकर, दोन ऑस्ट्रालॉर्प, दोन लेगहॉर्न. गडद तपकिरी, फिकट तपकिरी आणि पांढरी अशी अंडी वेगळी ओळखू येतात, त्यामुळे कोणाचे बंद पडले ते कळते. सहाही एकाच वेळी आणू नयेत. सगळ्यांची पिसे एकाच शरद ऋतूत झडतात आणि दोन-तीन महिने टोपली रिकामी राहते. दर दुसऱ्या वर्षी दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणाव्यात. एकटी आणली तर जुन्या तिला टोचून टोचून बेजार करतात. १६ आठवड्यांखालच्या पक्ष्यांना लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य) देऊ नये, त्यातल्या सुमारे ४ टक्के कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात. मिश्र वयाच्या कळपाला वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

हिवाळ्यात दिवस १४ तासांहून लहान झाला की अंडी घटतात. दिवा लावायचाच तर पहाटे लावावा. संध्याकाळी तो एकदम विझला तर कोंबड्यांना बसायचा दांडा सापडत नाही.

कोणी अंडी देत नसल्याचा संशय आला तर शेपटीखालची दोन टोकदार हाडे चाचपावीत. मध्ये दोन-तीन बोटे मावली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट मावले तर नाही.