आईच्या रिपोर्टवरचं 'ईएसबीएल'

मार्चअखेरीस सोलापूरचं ऊन तापलं आणि आईला लघवीची जळजळ सुरू झाली. तिनं कुणाला सांगितलं नाही. मागच्या वेळच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला कळ.

डॉक्टरांनी आधी लघवीचं कल्चर, म्हणजे त्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी, सांगितलं. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि दोन तासांच्या आत पोचवायची. अशोक चौकातून सात रस्त्याला लॅबमध्ये डबी दिली, मग सेफ्ट्रियाक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू झालं. दोन दिवस झाले तरी ताप हटेना. मावशी म्हणाली, "तिच्या अंगाला औषधांची सवय झालीय." मलाही तसंच वाटत होतं.

रिपोर्ट आला: जंतू ई. कोलाय, ईएसबीएल पॉझिटिव्ह. औषधांच्या यादीत 'आर'च 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही. लॅबच्या मॅडमना मी विचारलं, आईचं शरीरच औषध घेत नाही का? त्यांनी मला आत नेऊन प्लेट दाखवली. जंतूंच्या दुधी थरावर औषधाच्या चकत्या ठेवल्या होत्या. सेफ्टाझिडीम या सेफ्ट्रियाक्सोनच्याच जातीच्या औषधाच्या चकतीभोवती जागा जेमतेम मोकळी होती, तेच औषध क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडसोबत असलेल्या चकतीभोवती मोठं वर्तुळ. फरक ५ मिलिमीटर किंवा जास्त असला, की ईएसबीएल. "यात तुमची आई कुठंय?" त्या म्हणाल्या. प्लेटमध्ये फक्त जंतू होता आणि तो औषधाला दाद देत नव्हता.

माझे वडील यंत्रमागावर होते, म्हणून पुढचं मला लगेच उमगलं. जंतूची भिंत ताण्या-बाण्यासारखी विणलेली असते. आडवे टाके घालणाऱ्या प्रथिनांना पेनिसिलिन चिकटून बसतं, वीण सैल पडते, जंतू फुटतो. पेनिसिलिनचं बळ चार अणूंच्या एका ताणलेल्या कड्यात असतं. जंतूचा विकर (एन्झाइम), बीटा-लॅक्टमेज, पाण्याच्या मदतीनं ते कडं उघडतो आणि स्वतः शाबूत राहून पुढच्या रेणूकडे वळतो. सेफ्ट्रियाक्सोनमध्येही तसंच कडं आहे. ईएसबीएल म्हणजे एक्स्टेंडेड-स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज, तेही तोडणारा विकर. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड या विकराला अडकवतं, पण प्लेटवर जमलं म्हणजे तापलेल्या रुग्णात त्या गोळीवर भागेलच असं नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं.

या विकराची जनुकं बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, असतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. नंतर वाचलं, की अब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिन निकामी करणारा विकर १९४० मध्येच नोंदवला होता, ऑक्सफर्डच्या पहिल्या रुग्णाला पेनिसिलिन टोचण्याच्याही आधी. तोही कोलाय जंतूतच! रात्री आईच्या उशाशी बसून ते वाचताना अंगावर काटा आला.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, पाहून डॉक्टरांनी एर्टापेनेम हे दुसरं अँटिबायोटिक सुरू केलं. त्याचं कडं ईएसबीएलला सहसा तोडता येत नाही. दिवसातून एकदा, शिरेतून अर्धा तास, सात दिवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आईनं कडक भाकरी मागितली. सातही दिवस मी तिला नेलं, एकही चुकू दिला नाही.

असे जंतू आतड्यात काही महिने राहू शकतात, म्हणून पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी हा कागद आधी दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. रेशनकार्डाच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलाय.